मित्सुकोच्या हातांविषयी निवेदन

निवेदन करणार : इसाक शालोम थळकर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक अलिबाग येथे तहसील कचेरीच्या फाटकासमोर, वडाखाली.
जिच्याकरिता निवेदन : मित्सुको, राहणार मूळ जपान देश, हल्ली अश्केलोन, देश इस्राएल.
ज्यांच्यापुढे निवेदन : यरुशलेम येथील एका कचेरीतील तीन धर्मपंडित. त्यांची नावे अदबीने वगळली आहेत.
साक्षीदार : (एक) रिबका, माझी थोरली बहीण. (दोन) अब्राहम, तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी. (तीन) दानी, त्यांचा मुलगा आणि प्रस्तुत प्रकरणातील वर.
काळ : सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, नव्याच्या सणाच्या आसपास.
मुद्देमाल : लोखंडी पात्याची खवणी एक, जेवणाच्या जपानी काड्यांची जोडी एक, चिकाचा हलवा एक परात, जो साक्षीदारांनी खाल्ला.

परदेशच्या प्रवासाची हकीगत विमानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या ढगांनी सुरू होते, हे मला ठाऊक आहे. परंतु माझा हात गेली तीस वर्षे याच मांडणीला सरावलेला आहे. शिवाय या प्रवासात मी जे आणले ते हेच एक प्रकरण. बाकी खजूर होते, ते वाटून संपले.

विमानतळ

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी, विश्रांतीच्या वारी, आमचा घाणा बंद असे. माझी बहीण रिबका, जिला मी आका म्हणतो, लग्नानंतर इस्राएलला गेली आणि मी मागे राहिलो. पुढे तिचे बोलावणे आले ते एका अटीसह : ‘येताना आईची खवणी आण. इथल्या यंत्रात नारळाचा चुरा होतो, खोबरं होत नाही.’

मुंबईच्या विमानतळावरच या खवणीने मला अडविले. तपासणीच्या टेबलाशी एक तरुण इस्राएली मुलगी उभी होती. तिने ते दातेरी पाते पाहून मला इंग्रजीत विचारले की हे कशासाठी. मी कचेरीतील इंग्रजीत सविस्तर खुलासा केला. मी जितका सविस्तर बोललो तितका तिचा संशय वाढत गेला. अखेर ती म्हणाली, ‘करून दाखवा.’

तेव्हा मी त्या चकचकीत फरशीवर, कोट घातलेल्या अवस्थेत, खवणीच्या पाटावर बसलो आणि हवेतला नारळ दोन्ही हातांत धरून खवून दाखविला. तिने थोडा वेळ माझ्या मनगटांकडे पाहिले आणि खवणी सामानात जाऊ दिली. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आज माझ्या निवेदनाचा तो पाया आहे.

अश्केलोन

अश्केलोनचा समुद्र पश्चिमेला आहे आणि सूर्य त्यातच बुडतो. तेवढ्यापुरते हे गाव अलिबागसारखे. किनाऱ्यावरच्या वाळूत जुने दगडी खांब आडवे पडलेले आहेत, त्यांवर लोक ओले टॉवेल वाळत घालतात. आकाचे घर चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवर पाणी तापविण्याच्या पांढऱ्या टाक्यांची रांग, सज्जात तेलाच्या डब्यात कढीलिंब. खालच्या दुकानात बायका हिब्रूत भाव करतात आणि पिशवी उचलताना ‘आई गं’ म्हणतात.

आकाचे स्वयंपाकघर म्हणजे कोर्ट. मटण आणि दूध धर्माने एकत्र येऊ द्यायचे नाही, म्हणून मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, दोन मोऱ्या, दोन पुसणी. मी पहिल्याच सकाळी चहाचा चमचा चुकीच्या मोरीत ठेवला.

‘इसाक, ते काय केलंस?’

‘चमचा ठेवला.’

‘तो आता टाकायचा. तू बाहेर बस, बाबा. तुला चहा बाहेर मिळंल.’

भावोजी आधीपासूनच बाहेर बसलेले होते. कारखान्यातून निवृत्त झालेला हा सज्जन मनुष्य आपल्याच घरात पाहुण्यासारखा राहतो. ‘ये, वकीलसाहेब,’ ते म्हणाले, ‘हे हद्दपारांचं बाक आहे.’

दुपारी मित्सुको आली. दारातच वाकून नमस्कार करून तिने आपले बूट काढले आणि टाचा भिंतीकडे, टोके दाराकडे अशी जोडी लावून ठेवली. शेतकामाला आलेल्या परदेशी तरुणांबरोबर ती या देशात आली. त्या वसाहतीत हवा थंड करण्याचे यंत्र बिघडले, ते दुरुस्त करायला दानी गेला, आणि पुढचे वाचकांना सांगावयास नको. लग्न व्हायचे तर तिने आमचा धर्म घ्यायला हवा. त्यासाठी ती शिकवणीला जात होती, शेजारच्या गल्लीत एका भाविक मोरोक्कन विधवेकडे राहत होती, आणि रोज आकाच्या स्वयंपाकघरात येत होती. तिथे तिला सुरीला हात लावायची परवानगी नव्हती. आका तिला पालेभाजी निवडायला देई.

आमच्या धर्मात किडा पोटात जाणे निषिद्ध. कोथिंबिरीच्या पानामागे मोहरीहून लहान जीव बसतात, ते शोधावे लागतात. मित्सुकोने एकेक पान खिडकीच्या उजेडात धरले. मला त्यावर काहीही दिसत नव्हते. मग पिशवीतून तिने जेवणाच्या दोन काड्या काढल्या आणि त्यांच्या टोकांनी पानावरचे काहीतरी उचलून पांढऱ्या बशीत ठेवले. मी चष्मा लावून वाकलो. बशीत ते चालू लागले. पानाला ओरखडासुद्धा नव्हता.

‘एक्सपर्ट,’ मी म्हणालो.

तिने नाकासमोर हात पंख्यासारखा हलविला. ‘मादा मादा.’

‘म्हणजे अजून, अजून,’ दानीने सांगितले. ‘अजून जमत नाही म्हणते. ती नेहमी असंच म्हणते, मामा. इमा ऐकते आणि खूश होते.’

इमा म्हणजे आई. आका चुलीकडे तोंड करून म्हणाली, ‘तिचं ती खरं बोलते. मी कशाला नाही म्हणू?’

शब्दांवर माझे पोट आहे, म्हणून मी त्या मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून घेतले आणि कौशल्याला तिच्या भाषेत काय म्हणतात ते विचारले. पुढचे बरेच दिवस हा आमचा दुपारचा उद्योग झाला. ती इंग्रजीत सांगे, अडले की हिब्रूत, आणि दानी ते मराठीत आणे.

माझ्या अर्जांत प्रत्येक अर्जदार ‘आपल्या कामात निष्णात व तरबेज’ असतो. विहीर खणणाराही निष्णात, बदली मागणारा शिपाईही निष्णात. त्यांच्याकडे असे सरसकट चालत नाही. ‘जोऽझु’ म्हणजे कुशल. पण तो शब्द दुसऱ्यासाठी. लिहिताना त्यात वर आणि हात अशी दोन चिन्हे येतात. स्वतःला कोणी जोऽझु म्हणत नाही. बोटांची कारागिरी असेल, जशी शिवणकामात किंवा किडा उचलण्यात, तर ‘कियोऽ’. सुताराची, वैद्याची, आचाऱ्याची तारीफ करायची तर त्याचा ‘उदे’ चांगला, म्हणजे बाहू चांगला. ‘उमाई’ हा शब्द कसबालाही लागतो आणि चवीलाही. आपण हाताला चव आहे म्हणतो, त्याच्या अगदी शेजारचा. आपल्याकडच्या ‘पटाईत’मध्ये एक डोळा मिचकावलेला असतो, चोरही पटाईत असतो. असा शब्द तुमच्याकडे आहे का, असे मी विचारले. तिने बराच विचार केला आणि माझी क्षमा मागितली.

‘आणि स्वतःबद्दल बोलायचे तर?’

‘तोकुई’ असा एक शब्द आहे, ती म्हणाली. जे आपल्याला येते आणि करायला आवडतेही. पण तोही हळू आवाजात, आणि कोणी विचारले तरच. मोठ्या माणसांपुढे नकोच. ‘मी स्वतःला जोऽझु म्हटलं तर आई तोंड झाकून घेईल.’

‘मी काय आहे, ते विचार,’ भावोजींनी दानीला सांगितले. तेवढ्यात त्यांच्या हातचा पेला कलंडला आणि सरबत माझ्या धोतरावर आले. मित्सुको हसली आणि म्हणाली, ‘बुकियोऽ.’ म्हणजे हाताने धांदरट. पण ते प्रेमाने म्हणता येते.

‘आणि रिबका?’

यासाठी दानीने एक शब्द काढला, ‘निगाते’. जे आपल्याला जमत नाही आणि नकोसे वाटते ते. त्यात कडू आणि हात अशी चिन्हे असतात.

‘बरोबर,’ भावोजी म्हणाले. ‘तुझ्या आईला कौतुक निगाते.’

आतून आवाज आला : ‘मला ऐकू येतं.’

यरुशलेम

मित्सुकोच्या धर्मांतराच्या परीक्षेच्या दिवशी मी तिच्या आणि दानीच्या सोबत गेलो. माझ्यासारखा कचेरीतला मनुष्य बरोबर असावा, असे मीच सुचविले होते. बस डोंगर चढू लागली तसा वारा कोरडा झाला. शेजारच्या सीटवर एक शिपाई पोरगी बंदूक मांडीवर घेऊन झोपली होती. दर वळणाला बंदुकीची नळी माझ्या गुडघ्याला लागे आणि ती झोपेतच ‘स्लिखा’, म्हणजे माफ करा, म्हणे.

यरुशलेममध्ये सगळ्या घरांचे दगड एका रंगाचे, दुपारी मधासारखे दिसतात. कचेरी मात्र कोणत्याही कचेरीसारखी. बाक, पंखा, खिडकीमागे चहा पिणारा कारकून. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. कोणत्या दाराशी उभे राहावे आणि कोणत्या क्षणी खाकरावे हे मला तिथेही कळत होते.

मित्सुको आत गेली. बाहेर आली ती शांत होती. बाकावर बसून तिने हातमोज्यांची घडी घालावी तशी हाताची बोटे एकमेकांत घातली.

‘काय विचारले?’

प्रार्थना विचारल्या, त्या तिने म्हटल्या. सणांचे नियम सांगितले. मग एका वृद्ध पंडितांनी विचारले, स्वयंपाकघर सांभाळता येते का? भाजी तपासता येते का? ती म्हणाली, अजून नीट जमत नाही, शिकते आहे. त्यांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, थोडे अधिक वाकून. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि सांगितले की जमेल तेव्हा या, हिवाळ्यानंतर.

दानी भिंतीला पाठ लावून खाली बसला. मित्सुकोचा इथे राहण्याचा परवाना हिवाळा सरण्याआधी संपत होता. मग तिला जपानला परतावे लागणार, आणि एकदा गेलेली परत येईल की नाही, हे कोण सांगणार?

‘जमतं असं का नाही म्हणालीस?’ तो हिब्रूत विचारीत होता, हे मला भाषा न येताही कळले.

‘ते मोठे आहेत,’ ती म्हणाली.

मी खिडकीतल्या कारकुनाला गाठले. दानीने भाषांतर केले. कारकून बरा मनुष्य होता. त्याने सांगितले की ज्या घरात मुलगी जाणार, त्या घरच्या गृहिणीने लेखी हमी दिली तर प्रकरण लवकर पुन्हा पुढे येऊ शकते. आईची सही हवी. बापाची चालणार नाही; बाप भाजी तपासत नाहीत.

पुन्हा अश्केलोन

आकाने नकार दिला.

‘ती स्वतः म्हणाली येत नाही. तिच्या तोंडचं खोटं पाडून मी सही करू?’

‘आका, तो तिच्याकडचा रिवाज आहे.’

‘माझ्याकडचा रिवाज आहे की देवापुढे खरं बोलावं.’

दानी ‘दी, इमा’ म्हणाला, म्हणजे पुरे, आणि जिना उतरून गेला. मित्सुको त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, आणि नेहमीसारखी भाजीपाशी बसली. आकाने तिच्यापुढे पालकाची जुडी ठेवली.

दरम्यान नव्याचा सण आला. हिब्रूत रोश हशाना, वर्षाचा पहिला दिवस. आमच्या कोकणात त्याला नव्याचा सण म्हणतात. या सणाला आमच्या घरी चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून वाटायचे, गाळून चीक काढायचा, त्यात नारळाचे दूध आणि साखर, आणि मग हात दुखेपर्यंत ढवळायचे. थांबले की गाठ होते. आका सकाळभर ढवळत होती. खोबरे तिने आईच्या खवणीवर स्वतः खवले, इतर कोणाला पाटावर बसू दिले नाही. हलवा परातीत ओतला, थंड झाला, सुरीने चौकटी पाडल्या. काचेसारखा थरथरत होता. त्यात मला माझे बालपण दिसले असे मी म्हणणार नाही. मला तो खावासा वाटला.

आकाने सगळ्यांच्या हातावर वडी ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाली, ‘यंदा काही जमला नाही. बिघडला.’

मी वडी तोंडात घातली नाही. तीस वर्षे वकिलांना ज्या संधीची वाट पाहताना मी पाहिले, ती माझ्यासमोर आपल्या पायांनी चालत आली होती.

‘बिघडला?’

‘बिघडलाच. चीक जास्त झाला.’

‘मग फेकून देऊ?’

‘हात तर लाव.’

‘गेल्या वर्षी?’

‘गेल्या वर्षीही नव्हता झाला,’ भावोजींनी साक्ष दिली. ‘लग्नापासून एकदाही झालेला नाही. मी दरवर्षी बिघडलेला खातो.’

‘आणि आका, कोणी पाहुणीने हे खरं मानलं, आणि तुला बिघडतो म्हणून पुढच्या वर्षी ती हलवा विकतचा घेऊन आली, तर?’

‘तिला या घरात पाणी नाही मिळायचं.’

प्रश्न कुठे थांबवावा हे मला येते. खोलीत फक्त मित्सुकोला आमची मराठी कळत नव्हती. तिने वडी खाल्ली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, ‘उमाई.’

दानी भाषांतर करू लागला. आका म्हणाली, ‘कळलं.’

मग ती खुर्चीवर बसली. माझ्याकडे न पाहता तिने सांगितले : ‘तू इथं नव्हतास. आम्ही नवीन आलो तेव्हा, आम्ही खरे यहुदी की नाही म्हणून, आम्हालासुद्धा अशाच कचेरीत बसवलं होतं. आजीचं लग्न कुणी लावलं, पणजीचं कुणी लावलं. मला काय ठाऊक? मी म्हटलं, साहेब, आमच्या घरी शनवारी चूल पेटली नाही, एवढं ठाऊक आहे. ते लिहून घेईनात. त्या दिवसापासून या स्वयंपाकघरात मी कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. आता हिच्यासाठी सही केली, आणि काही चुकलं, तर पुन्हा मलाच विचारतील. तुमची आजी कोण, म्हणून.’

भावोजींनी आपली वडी तशीच हातात धरून ठेवली होती. ते म्हणाले, ‘रिबका, त्या दिवशी आपल्यासाठी बोलायला बाहेर कुणी नव्हतं.’

आकाने परात उचलली आणि आत नेली.

सण सरल्यावर एका सकाळी शेजाऱ्यांसाठी दुसरा घाणा करायचा होता. आकाने खवणी पायाने पुढे सरकविली, ती मित्सुकोच्या समोर जाऊन थांबली.

‘माझे गुडघे गेलेत. हिला सांग, बस.’

त्याच गुडघ्यांनी आका सकाळी तीन मजले उतरून पाव घेऊन आली होती. त्याचा उल्लेख कोणी केला नाही. मित्सुको पाटावर बसली. जमिनीवर बसणे तिला अनोळखी नव्हते. पहिल्या वाटीला ती चाचपडली, दातांवर खोबरे सरकले. आका वाकली, तिची दोन्ही मनगटे धरली, एकदा फिरविली आणि सोडली. दुसऱ्या वाटीपासून खोबरे बर्फासारखे पडू लागले. करवंटीलगतचा तपकिरी थर आला की तिचा हात आपोआप थांबे. खोबऱ्याच्या ढिगात एकही काळा कण नव्हता. आका उभी राहून बघत होती.

‘हं,’ ती म्हणाली. आणि मला : ‘कागद काढ.’

मी लेखणी सरसावून सुरुवात केली : ‘सदर कन्या पाकशास्त्रात निष्णात व तरबेज असून—’

‘निष्णात-बिष्णात नको. मी सांगते तेवढंच लिही. लिही : ही मुलगी माझ्या स्वयंपाकघरात हात लावते, आणि मी त्या हातचं खाते. खाली माझं नाव.’

मी पुढच्या वाक्यासाठी थांबलो. पुढचे वाक्य नव्हते. दानीने ते हिब्रूत उतरविले, आकाने सही केली. मित्सुकोला अर्थ सांगितला तेव्हा ती खवणीवरून उठली नाही, तिथेच कपाळ गुडघ्यांपर्यंत वाकविले. आका म्हणाली, ‘तिला सांग, नारळ वाळतोय.’

अलिबाग

मी परत येऊन वडाखाली बसलो आहे. माझी माणसे येतात, मी लिहून देतो. परवा एका गवंड्याच्या अर्जात ‘निष्णात’ लिहिता लिहिता थांबलो आणि त्याला विचारले की तुझ्या हातचे काम चांगले, असे सांगणारा कोणी आहे का. त्याने ज्याचे घर बांधले होते त्याला बोलावून आणले. अर्ज आखूड झाला. मला तो आवडला.

यरुशलेमहून अद्याप उत्तर नाही. दानीचे पत्र आले की कागद पोहोचला आहे. त्याला बळकटी यावी म्हणून मी हे निवेदन जोडीत आहे, आणि मराठी वाचकांपुढेही ठेवीत आहे.

सबब तिन्ही मेहेरबान धर्मपंडितांस सविनय विनंती की, मित्सुकोस पुन्हा पाचारण करावे. येते किंवा नाही, हे तिला विचारू नये. ते ती आपल्या वडीलधाऱ्यांपुढे कधीही कबूल करणार नाही. तिच्यापुढे कोथिंबिरीची जुडी, पांढरी बशी व उजेडाची खिडकी ठेवावी, आणि स्वस्थ बसून तिचे हात पाहावेत. तोंडी खुलाशाने न सुटलेली माझी खवणी विमानतळावर याच रीतीने सुटली, हे वर नमूद आहे. माझ्या बहिणीची सही सोबत आहे. त्या सहीबद्दल तिला तिच्या आजीचे नाव पुन्हा विचारले जाऊ नये, ही वेगळी व तितकीच कळकळीची विनंती आहे. परवान्याची मुदत सरण्यापूर्वी उत्तर मिळावे. पत्ता वर दिला आहे.

येणेप्रमाणे निवेदन केले. दस्तुरखुद्द इसाक शालोम थळकर. लिहिणे अजून नीट जमत नाही.